मिलिमीटर

पहिल्या वेळी सांगितलं होतं, भरपूर पाणी पिऊन या.
दोन बाटल्या पिऊन बसले दारव्ह्याच्या एसटीत
आणि रस्त्यातले सगळे खड्डे
त्या दिवशी पोटाने पाठ केले.
आता तसं नसतं.
आता रिकामं होऊन जायचं, आतून पाहतात.
हे घरी सांगितलं नाही.
सासू विचारते, "काय करतेत वो तिथं येवढं?"
मी म्हणते, फोटो काढतात.
"मंग दाखव ना माय एखांदा."

आज पाळीचा तेरावा दिवस.
भिंतीवर पाटी: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
चार वर्षांत इतक्यांदा वाचली
की गर्भवरचा रफार कधी उडाला
तेही मला ठाऊक आहे.
मुलगा की मुलगी, ते फार पुढच्या गावचं.
मी अजून फाट्यावर उभी.

"रेवता झाडे, या."
भोयर मॅडम पडदा माझ्याकडे वळवतात,
सगळ्याच वळवत नाहीत.
करड्या धुक्यात एक काळं वाटोळं.
"काळं म्हणजे पाणी," त्या म्हणतात.
आमच्याकडे काळं म्हणजे रान,
पण मी मान हलवते.
नवव्या दिवशी अकरा होतं,
परवा पंधरा,
आज त्या दोन फुल्या मारतात, मधे तुटक रेघ,
"एकोणीस. उजवीकडे. डावीकडे काही नाही.
अस्तर साडेआठ, छान."
अस्तर म्हटलं की मला ब्लाऊजच आठवतो.
आतल्या बाजूने, कुणाला न दिसणारं,
ज्याच्यावर सगळं बसतं ते.

मोजायचं मला नवीन नाही.
अंगणवाडीत मी लेकरांच्या दंडाला पट्टी लावते,
साडेअकराच्या आत आलं की लाल,
आणि माझ्याच छातीत धस्स होतं.
कोण कितवा महिना, कोणाला गोळ्या दिल्या,
गावातलं प्रत्येक पोट माझ्या रजिस्टरात आहे.
मागच्या बुधवारी एक नवी बाळंतीण
काट्याजवळ येऊन थबकली,
लेकरू माझ्या हातात न देता
मदतनिशीकडे दिलं.
मी आकडा लिहिला. दोन किलो आठशे.
अक्षर चांगलं आलं होतं.

अंकुश बाहेर बाकावर असतो.
त्याने त्याची तपासणी तीन वर्षं टाळली,
मग केली, मग दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी कंडक्टरला म्हणाला, दोन द्या.
तेव्हापासून दोनच तिकिटं.
बायकांच्या रांगेत एकटा माणूस,
टोपी मांडीवर, नजर पंख्यावर.
आल्याआल्या विचारतो, "किती?"
पिकाचा भाव विचारावा तसा.
"एकोणीस."
"मंग बरं हाय का?"
मी सांगते, आज रात्री सुई.
मग दोन दिवस. मग पुन्हा पाहायचं.

पंधरावा दिवस.
मॅडम बराच वेळ शोधतात.
ते काळं वाटोळं कुठेच नाही.
मी श्वास धरून बसते,
गेलं, हेही गेलं,
आणि त्या म्हणतात, "फुटलं!"
आमच्या बोलीत काच फुटते, नशीब फुटतं,
मडकं तर स्मशानात.
मला समजेना हसावं कसं.
मॅडमला कळलं असावं. त्या मूळच्या नेरच्या.
म्हणाल्या, "अवो, बोंड फुटते ना, तसं."

बाहेर येऊन अंकुशला सांगितलं, फुटलं.
त्याचाही चेहरा आधी पडला.
मग बोंडाचं सांगितलं.
तो टोपी झटकत राहिला, झटकतच राहिला,
तिच्यावर धूळ नव्हती.

आता चौदा दिवस कुणी काही मोजणार नाही.
स्टँडवर त्याने दोन संत्री घेतली,
एक सोलून माझ्याकडे दिलं, दुसरं खिशात ठेवलं.
मशीनमधून निघालेला कागद मी
रजिस्टरात घालते, उन्हात तो पांढरा पडतो.
याआधीचे सहा असेच कोरे झालेत,
नुसत्या तारखा उरल्यात माझ्या पेनाच्या.
हा सातवा.
सासूला आज दाखवीन म्हणते,
दिसतंय तोवर.